उलटं बसून पाहिलेला धूर

नागपुरात थंडी उतरली की मला ती आधी सिग्नलवर दिसते. स्वेटर, मफलर नंतर निघतात. सकाळी मानकापूर चौकात गाड्या थांबतात आणि प्रत्येक सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरी वाफ लोंबू लागते. स्कूटरची विरळ, मोटारीची दाट, बसची तर अख्खी गोधडीच. दिवा हिरवा झाला की सगळ्यांच्या वाफा एकमेकींत मिसळतात आणि आपण त्यातूनच पुढे निघतो.

परवा अशाच एका सकाळी शेजारच्या स्कूटरवरचे एक गृहस्थ माझ्या गाडीकडे वाकून पाहत म्हणाले, "ताई, धूर मारून राहिली तुमची गाडी. जुनी हाय, इंजिन दाखवून घ्या." माणूस भला होता आणि गाडी जुनी आहेच. टाकीवरचा काळा रंग गुडघ्यांच्या जागी घासून राखाडी झाला आहे, सीट दोनदा शिवून घेतली आहे. मी म्हटलं, "वाफ आहे काका. पुढच्या सिग्नलवर पुन्हा पाहा." त्यांनी खरंच पाहिलं. तोवर इंजिन तापलं होतं आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काही म्हणजे काही नव्हतं. त्यांनी मान डोलावली, मीही डोलावली. रामदासपेठेतल्या ज्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मी काम करते तिथे पोचेपर्यंत मी हेल्मेटच्या आत हसत होते.

धूर आणि वाफ यांतला फरक मला एका हिवाळ्याने शिकवला. थंडी परत आली की तो हिवाळाही परत येतो, तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा वास असतो. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा, ग्रीसचा, संत्र्याच्या सालीचा, आणि सगळ्यात आधी जळक्या तेलाचा.

खापरखेड्याला आमचं घर वीज केंद्राच्या भिंतीबाहेर होतं. भिंतीच्या आत कायम नोकरीवाल्यांची कॉलनी, बाहेर आमच्यासारखी ठेकेदाराकडच्या कामगारांची घरं. चिमण्या दोन्हीकडून सारख्याच उंच दिसायच्या आणि राख दोन्हीकडे सारखीच पडायची. आई दोरीवरचा प्रत्येक कपडा आधी झटकायची, मग घडी घालायची. आजही मी धुतलेला दुपट्टा झटकल्याशिवाय ठेवत नाही. इथे राख नाही, तरी हाताला सवय आहे.

बाबांचं काम होतं कोळसा वाहून नेणाऱ्या लांबच लांब पट्ट्याच्या रोलरना तेल आणि ग्रीस देण्याचं. पट्ट्याखालून वाकून जायचं, एकेका रोलरपाशी कान लावायचा आणि जो कुरकुरतो त्याला पाजायचं. "कोरडं पडलं की यंत्र ओरडते," ते सांगायचे, "अन् यंत्र ओरडलं की साहेब ओरडते. म्हणून आपण पहिलेच पाजून ठेवाचं." यंत्र तहानलेलं राहू नये, एवढा एकच धर्म त्यांनी पाळला. घरी आल्यावरही.

घरचं यंत्र म्हणजे ही मोटारसायकल. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास बाबांनी ती कोणाकडून तरी जुनीच घेतली होती. आधी मी टाकीवर बसून गावातल्या शाळेत गेले. पाय पुरायला लागले तेव्हा मागे बसून. अकरावी-बारावीला सावनेरला जायचं, तेव्हा पहाटे बसथांब्यापर्यंत. मग नागपूरला बी.एस्सी.ला, तेव्हाही बसथांब्यापर्यंत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. लोक म्हणतात, पोरगी शिकली. पण शिकायच्या आधी पोचावं लागतं, आणि पोचवायचं काम या गाडीने केलं. पावसात, चिखलात, आणि मे महिन्यात सीटला हात लावला की चटका बसायचा त्या उन्हातसुद्धा.

रविवार हा गाडीचा वार. बाबा जुन्या बनियनने तिला पुसायचे, चेनला ग्रीस लावायचे, मग इंजिनाच्या उजव्या बाजूची तेल मोजायची काडी फिरवून काढायचे. काडीच्या टोकाशी दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मधे असावं. ते खाली गेलेलं दिसलं की बाबा बाटलीतून थोडं ओतायचे, आणि गाडीच्या टाकीवर थोपटायचे, जेवून झालेल्या मुलाच्या पाठीवर थोपटावं तसं. मग साबणाने हात घासून संत्री सोलायला बसायचे. कितीही घासले तरी बोटांना ग्रीसचा वास राहायचाच. मोसमातलं पहिलं संत्रं खाताना मला अजूनही त्यात काहीतरी कमी वाटतं.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, हिवाळी परीक्षांच्या दिवसांत, गाडी धूर मारायला लागली. आधी थोडा, मग इतका की आम्ही बसथांब्यावर पोचलो की थांब्यावरची माणसं नाकाला रुमाल लावायची. निळसर धूर. थंडीत तो वर जायचा नाही, रस्त्याच्या उंचीवरच लोळत राहायचा, आणि आम्ही कुठून आलो हे वळून पाहिलं की कळायचं.

वीज केंद्राच्या गेटवर बोरकर नावाचे पहारेकरी होते. बाबांचे जुने दोस्त. त्यांना तर विषयच मिळाला. "महादेव, केंद्राले नवी चिमणी पाहिजेच होती," ते म्हणायचे. "बरं केलं तू आणली."

"त्या मोठ्या चिमणीले सलाम ठोकतं," बाबा म्हणायचे, "अन् माह्या लहानीलेच नाक मुरडतं काय बे?"

थट्टा थट्टेच्या जागी होती. पण एका दिवशी वरून सांगणं आलं की ही गाडी आत आणायची नाही. बोरकरांनी ते मान खाली घालून सांगितलं. त्या दिवसापासून बाबा गाडी गेटबाहेर लावून आतला सगळा रस्ता पायी जायला लागले. घरी आल्यावर बूट काढताना त्यांना जास्त वेळ लागायचा.

बसस्टँडसमोर हमीदभाईंचं गॅरेज होतं. त्यांनी गाडी सुरू केली, सायलेन्सरपुढे तळहात धरला, तो नाकाशी नेला. "महादेवभाऊ, बोअर गेला हिचा, सिलिंडर आतून घासलं. रिंगा बी गेल्या. अर्धं इंजिन नवं टाकावं लागते. त्यापेक्षा…" पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं.

ते बाबांनी जेवताना पूर्ण केलं. त्या दिवशी आईने सोलेभात केला होता. हिरव्या तुरीच्या दाण्यांचा हा भात आमच्याकडे हिवाळ्यातच होतो, आणि तो असला की कोणी दुसरं काही बोलत नाही. बाबा बोलले. "संक्रांतीच्या आधी बदलून टाकू. शोरूमवाला जुनी गाडी घेते."

"काहून?" मी म्हटलं. "एवढ्यात काहून?"

"तू आता नोकरीले लागशीन. तिले काय कवटाळून बसाचं? दर रविवारी तेल पाजतो, पिऊन टाकते अन् धूर ओकते. म्हातारी झाली ते."

"मले संक्रांतीपर्यंत पाहू द्या."

"तू काय पाहशीन? तुह्या पुस्तकात धूर हाय काय?"

"धूर नाही. पण पाहाचं कसं, ते हाय."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने त्यांच्या ताटात भात वाढला. "पाहू दे ना," ती म्हणाली. "पाह्यल्यानं इंजिन झिजत नाही."

पहिला धडा आईनेच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी किक मारली तेव्हा ती अंगणात पदर नाकाशी धरून उभी होती. तिचं अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलं आहे. ओलं लाकूड, सुकं लाकूड, गोवरी, प्रत्येकाचा धूर ती डोळे मिटून ओळखते. "पहिले आलं ते पांढरं, ते नुसतं पानी हाय," ती म्हणाली. "भाताच्या झाकणावर येते ना, तसं. त्याच्या मागून आलं ते तेल हाय. पुऱ्या झाल्यावर कढई चुलीवर राहिली की असाच वास येते."

मी पांढरा रुमाल सायलेन्सरपुढे धरला. आधी तो नुसता दमट झाला. मग त्यावर पिवळट, चिकट ठिपके उमटले. पेट्रोल जास्त जळत असतं तर काळी काजळी आली असती. म्हणजे तीन धुरांपैकी आमचा दुसरा, तेलाचा. इंजिनात जिथे तेल जायला नको तिथे ते जात होतं. कुठून, हा प्रश्न उरला.

आता वाटतं, तो सगळा हिवाळा मी दोनच गोष्टी वाचत होते. बसमध्ये पुस्तक, घरी धूर. पुस्तकात डोकं असताना नाकाला दुपट्ट्यातल्या धुराचा वास यायचा, आणि अंगणात गाडीपुढे बसलं की डोक्यात परीक्षेचे प्रश्न फिरायचे. शेवटी दोन्ही एकमेकांत अडकले ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

रसायनाचं प्रात्यक्षिक चालू होतं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीची काचेची मोजनळी स्टँडला तिरपी अडकवलेली होती आणि तिचं वाचन काही केल्या जुळत नव्हतं. सर आले, त्यांनी नळी बोटाने सरळ केली आणि म्हणाले, "तिरप्या नळीत द्रव आपल्या सोयीने उभा राहतो, बाई. तुमच्या सोयीने नाही." वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मला आमचं अंगण दिसलं.

आमच्या गाडीला मधलं स्टँड नव्हतं. गतिरोधकांवर घासायचं म्हणून बाबांनी ते केव्हाच काढून टाकलं होतं. गाडी नेहमी बाजूच्या स्टँडवर, डावीकडे कललेली. आणि तेलाची काडी उजवीकडे. कललेल्या इंजिनात तेल डावीकडे जाणार, उजवीकडे काडी कोरडी राहणार. बाबांना दर रविवारी तेल कमी दिसणार. आणि बाबांना तेल कमी दिसलं तर ते काय करणार, हे मला कोणी सांगायला नको होतं.

त्या दिवशी बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही मी बाहेर पाहिलं नाही. गाडीचा दोष सापडला याचा आनंद व्हायला हवा होता. पण सापडलेली गोष्ट दोष म्हणावी अशी नव्हतीच. ती बाबांची माया होती. दर रविवारी, बाटलीतून, थोडी थोडी. कोराडी गेलं, राखेचे ट्रक गेले, आणि मी मनात वाक्यं जुळवत राहिले. एकही धड जुळलं नाही.

म्हणून रविवारी मी काही सांगितलंच नाही. फक्त म्हटलं, "बाबा, आज तुम्ही गाडी सरळ उभी धरा. काडी मी पाहते." त्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी सरळ केली. मी काडी काढली, पुसली, आत टेकवली, पुन्हा काढली. तेल दोन्ही खुणांच्या कितीतरी वर चढलेलं. मी काडी तशीच त्यांच्यापुढे धरली.

बाबांनी ती पाहिली. मग गाडी स्टँडवर कलती केली आणि स्वतः काडी बुडवली. कमी. मला म्हणाले, "धर." मी गाडी सरळ धरली. जास्त. पुन्हा कलती, कमी. पुन्हा सरळ, जास्त. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. मग ते ओट्यावर बसले.

आई दारात आली. "काय झालं?"

"काही नाही वं," बाबा म्हणाले. "मी हिले पाजून राहिलो होतो, अन् हे बिचारी ओकून राहिली होती."

आणि ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. आईने पदर तोंडाला लावला. माझं न जुळलेलं वाक्य त्यांनी स्वतःच बोलून टाकलं होतं, आणि माझ्यापेक्षा किती सोपं.

आम्ही इंजिनाखालचा नट सोडला, जादा तेल परातीत उतरवलं. हवेच्या फिल्टरचा डबा उघडला तर आतला स्पंज तेलात भिजून जड झालेला. इंजिनात मावलं नाही ते तेल फेसाळून नळीवाटे या डब्यात चढत होतं आणि हवेबरोबर पुन्हा इंजिनात ओढलं जाऊन जळत होतं. स्पंज धुऊन उन्हात वाळवला. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली तेव्हा धूर इतका कमी झाला की आई म्हणाली, "झालं. वाचली."

पण झालं नव्हतं. सकाळची पहिली किक बसली की एक निळा झोत यायचाच. छोटा, पण निळाच. वाटेतही मधेच यायचा. दोन-तीन सकाळी बाबांनी तो पाहिला आणि चौथ्या सकाळी पाहणंच सोडलं. "रिंगच असन," ते म्हणाले. "हमीद खोटं नाही बोलत." शोरूमचा माणूस रविवारी गाडी पाहायला येणार होता. बाबांनी कागदपत्रांची पिशवी कपाटातून काढून समोर ठेवली.

आजार काय आहे हे कळत नसेल तर तो कधी दिसतो ते पाहावं, असं मला वाटलं. धूर कधी येतो? चढावर? उतारावर? गाडी चालवणाऱ्याला स्वतःचा धूर दिसत नाही. आरसा थरथरतो. मग पाहायचं कोणी आणि कसं?

मी मागच्या सीटवर उलटी बसले. बाबांच्या पाठीला पाठ लावून, मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरून, तोंड मागे जाणाऱ्या रस्त्याकडे.

आईने कपाळाला हात लावला. "लाज सोडली काय वं? लोकं काय म्हणतीन?"

लोक म्हणायचं ते म्हणालेच. चहाच्या टपरीवरून कोणी ओरडलं, "महादेवभाऊ, पोरगी उलटी लावली तुम्ही." गेटपाशी बोरकर हात कमरेवर ठेवून उभे राहिले. "काहून गा महादेव, गाडी रिव्हर्सनं चालून राहिली काय?" बाबांनी हॉर्न वाजवला आणि थांबले नाहीत.

रेल्वेवरच्या पुलाचा चढ लागला. "पाह्य आता," बाबा म्हणाले. मी पाहिलं. काही नाही. "गॅस वाढवू?" "वाढवा." इंजिन कण्हलं, पूल चढलं, आणि मागे स्वच्छ रस्ता. "काहीच नाही, बाबा." मग उतार. बाबांनी गॅस सोडला, गाडी गिअरमध्ये आपोआप उतरत राहिली. पायथ्याशी त्यांनी पुन्हा गॅस दिला आणि सायलेन्सरमधून निळा झोत फुसकन बाहेर पडला. "आला," मी ओरडले. आम्ही वळलो, पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. दर खेपेला तसंच. चढावर नाही, उताराच्या शेवटी हमखास.

त्या फेऱ्यांमध्ये मला आणखी एक गोष्ट दिसली. टाकीवरून मागच्या सीटवर आल्यापासून मी कायम पुढे तोंड करून बसले होते आणि पुढे मला दिसायची ती बाबांची पाठ. घामाने आणि कोळशाने रंगलेली. रस्ता त्यांच्या पाठीपलीकडे असायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मला मागचा रस्ता दिसला. शाळा लहान होत जाताना, बसथांबा, बाभळी, आमच्या घरांची ओळ, आणि सगळ्यांच्या वर चिमण्या. इतक्या लांबून मला आणलं होतं बाबांनी आणि या गाडीने. पाठीला पाठ असल्यामुळे बाबांना माझे डोळे दिसले नाहीत. तेही बरं झालं.

पुलावरून आम्ही तडक हमीदभाईंकडे गेलो.

"चढावर नाही मारत? पक्कं?" त्यांनी विचारलं.

"पक्कं. उलटी बसून पाह्यलं."

त्यांना हसू आलं, पण ते मधेच थांबले. "उतारावर गॅस सोडून परत दिला, की मारते? अन् सकाळी पहिल्या किकले?"

"हो."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मंग रिंग नाही बेटा. रिंग गेली असती तर चढावर जोर पडताच धूर दिला असता तिनं. हे व्हॉल्व्हचं सील हाय. तुम्ही आणली तेव्हा तेल एवढं कोंबलं होतं, की सारंच जळून राहिलं होतं. मी बोअर समजलो."

इंजिनाच्या माथ्यावरचं तेल खाली गळू नये म्हणून व्हॉल्व्हच्या दांडीवर रबराची एक लहानशी टोपी असते. वयाने ती कडक होते. गाडी उभी असताना तिच्यातून तेल थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळच्या पहिल्या किकला जळतं. बंद गॅसवर उतरतानाही इंजिन ते आत ओढून घेतं. शनिवारी हमीदभाईंनी इंजिनाचं डोकं उतरवलं. बाबांची सुट्टी होती. प्रत्येक सुटा भाग बाबा स्वतःच्या हातात घेऊन कापडावर क्रमाने मांडत होते, मला हात लावू देत नव्हते. जुनी सीलं हमीदभाईंनी तळहातावर ठेवली. नखाएवढी, आणि नखासारखीच कडक.

मग त्यांनी उघड्या सिलिंडरच्या भिंतीवरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. "महादेवभाऊ, हात लावून पाहा. आरशासारखा हाय बोअर. या वयाच्या गाडीत असा मी नाही पाह्यला."

बाबांनी बोट पुसून आत फिरवलं. "तेल कधी कमी पडू नाही दिलं तिले," ते हळूच म्हणाले.

"म्हणूनच वाचली," हमीदभाई म्हणाले.

त्या दोन शब्दांनी बाबांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. ज्या मायेने धूर केला, तिनेच इंजिन जपलं होतं. हिशेबात दोन्ही बाजू होत्या, आणि दुसरी मोठी होती.

संध्याकाळच्या आत गाडी जोडून झाली. हमीदभाईंनी किक मारली. आणि सायलेन्सरमधून असा धूर निघाला की समोरचं बसस्टँड दिसेनासं झालं. लोक खोकत बाजूला झाले. कोणीतरी म्हणालं, "महादेवभाऊ, आता त आगगाडी झाली तुमची." बाबांचे खांदे उतरले. उद्या शोरूमचा माणूस येणार होता.

हमीदभाई मात्र हात झाडत होते. "जुनं तेल हाय. सायलेन्सरच्या पोटात साचलेलं. ते जळल्याशिवाय कळणार नाही. पळवा हिले. नागपूरपर्यंत पळवा."

बाबांनी चावीकडे पाहिलं आणि मग ती माझ्यापुढे धरली. "तू चालव."

मैदानात आणि गल्लीत चालवली होती मी. मोठ्या रस्त्यावर कधीच नाही. "अन् तुम्ही?"

"मी उलटा बसतो."

ते खरंच बसले. स्वेटर, मफलर, मिशा, आणि तोंड खापरखेड्याकडे. हमीदभाई पोट धरून हसले. मी गिअर टाकला. आमच्या मागे निळा धूर, त्याच्या मागे हसणारं सगळं बसस्टँड.

"हाय अजून," बाबा पाठीमागून सांगत होते. "हाय. लय हाय. एक ट्रकवाला शिव्या देऊन राहिला." थोडं पुढे गेलो. "हाय." थंड वारा माझ्या डोळ्यांत, त्यांची पाठ माझ्या पाठीला, इंजिनाचा थरथराट दोघांमधून एकच. "थोडा पातळ झाला वाटते." पुढे कोराडीच्या चिमण्या दिसायला लागल्या. "हाय. नाही. हाय. थांब, तो ट्रकचा होता."

मग ते बोलायचे थांबले.

कोराडीचा तलाव आला, मावळतीचं ऊन पाण्यावर सांडलेलं. मागून आवाज नाही. मला वाटलं पडले की काय. "बाबा?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही, पोरी. नुसता रस्ता दिसून राहिला."

मी गाडी बाजूला घेतली. दोघेही उतरलो. इंजिन चालूच ठेवलं. मी स्वच्छ धुतलेला रुमाल काढला, बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि सायलेन्सरपुढे धरला. बराच वेळ. मग उन्हात उंच करून पाहिला, एका बाजूने, दुसऱ्या बाजूने. पांढरा. त्यांनी तो नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला, आणि रस्त्यापलीकडच्या हातगाडीवरून संत्री घेतली. त्यांच्या बोटांना तेलाचा वास होता. तितकं गोड संत्रं मी पुन्हा खाल्लेलं नाही.

रविवारी शोरूमचा माणूस आला. चहा प्याला, तिळाचा लाडू खाल्ला, गाडीकडे पाहून विचारलं, "द्यायची ना?" बाबा म्हणाले, "कोणी सांगितलं?" आणि आईने त्याला आणखी एक लाडू दिला.

सोमवारी बाबा मला मुद्दाम घेऊन गेटवर गेले. गाडी थांबवली, किक मारली, गॅस दिला. "बोरकर, वास घे."

बोरकर वाकले. नाक जवळ नेलं. "नवी घेतली काय बे?"

"नवी कुठची? तेच हाय."

बोरकरांनी आत फोन केला, साहेबांच्या माणसाने येऊन पाहिलं आणि मान हलवली. बोरकरांनी दांडा वर उचलला, तो असा की एखाद्या मंत्र्याची गाडी जाते आहे. बाबा सावकाश आत गेले. त्या मोठ्या चिमण्यांखालून, मागे एक रेघही न सोडता. मी गेटबाहेर उभी राहून टाळ्या वाजवल्या. बोरकरांनीही वाजवल्या.

त्या परीक्षेत मी उत्तीर्ण झाले, पदवी आली, नोकरी लागली. बाबा आता कामावर जात नाहीत. गाडी माझ्याकडे आहे, आणि तिला मधलं स्टँड मी केव्हाच परत बसवून घेतलं आहे. पण रविवारी बाबा बसने नागपूरला येतात, चहा होतो, आणि खाली उतरल्यावर मी गाडी त्या स्टँडवर लावत नाही. ते दोन्ही हातांनी हँडल धरून तिला सरळ उभी करतात. मी काडी काढते, पुसते, टेकवते, पाहते.

"किती हाय?" ते विचारतात.

"बरोबर आहे, बाबा."

"मंग राहू दे," ते म्हणतात, आणि घरून आणलेली तेलाची बाटली न उघडता परत पिशवीत ठेवतात. टाकीवर मात्र थोपटतात.